नको म्हणण्यापुरती भाषा

प्रश्न विचारणारा आपला जुना विद्यार्थी असला, म्हणजे शिक्षकाची मोठी पंचाईत होते. उत्तर ठाऊक नाही असे म्हणण्याची सवय वर्गात लागलेली नसते आणि ती घरी एकाएकी लावून घेता येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात अशीच एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे आली. माझ्या हाताखाली ती पाचवी ते सातवी शिकलेली. आता बालवाडी चालवते. घर गुरुवार पेठेतले, पंच हौदाच्या देवळाच्या घंटा ऐकू येतील इतक्या अंतरावर. कुटुंब मूळ नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता टाकताच तिने बातमी सांगितली. इटलीच्या उत्तरेला डोंगरातल्या एका गावी उन्हाळ्यात ख्रिस्ती मुलामुलींचे शिबिर भरते आणि तिथे सहा आठवडे स्वयंसेविका म्हणून काम करायला तिची निवड झाली आहे. काम स्वयंपाकघरातले आणि मुलांच्या झोपण्याच्या दालनातले. मुले बारा ते सोळा वर्षांची, निरनिराळ्या देशांतून आलेली.

मी अभिनंदन केले. सौभाग्यवतींनी सरबत केले. मग ती म्हणाली, "सर, मला मराठी येते, हिंदी येते, इंग्रजी तुम्हांला माहीतच आहे. इटालियन तर अक्षर येत नाही. ज्यांचे बोलणे आपल्याला कळत नाही, त्यांची सेवा करायला जावे का? तो आगाऊपणा नाही का होणार?"

तिचे इंग्रजी मला माहीत होते, कारण ते माझ्याकडूनच गेलेले होते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे सरकले नाही आणि मॅट्रिकला इंग्रजीने मला जेमतेम उंबरा ओलांडू दिला. पण त्या वेळी मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "अग, प्रेमाला कुठे भाषा लागते!"

मुलगी समाधानाने घरी गेली. मला मात्र रात्री जेवताना घास गोड लागेना. ज्या मनुष्याने आयुष्यभर कादंबऱ्या लिहिल्या, चार शब्द नीट जुळावेत म्हणून पहाटेची झोप मोडली, त्यानेच एका तरुण मुलीला भाषेवाचून चालते असे ठोकून दिले होते. आणि तेही ठाऊक नसल्यामुळे नव्हे. उलट, मला चांगले ठाऊक होते म्हणूनच मी ते वाक्य पुढे केले असावे. पुढे काय ठाऊक होते ते सांगतो. पण आधी त्या वाक्याच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलले पाहिजे, नाहीतर अन्याय होईल.

पिएर सेरेसोल नावाचा एक स्विस इंजिनिअर होऊन गेला. बाप स्वित्झर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झालेला, घरचे सगळे ठीक. पण याने सैन्याचा कर भरणार नाही म्हणून तुरुंगवास पत्करला. पहिले महायुद्ध संपल्यावर 1920 साली त्याने फ्रान्समध्ये व्हर्डनजवळच्या एका बेचिराख खेड्यात काही माणसे गोळा केली आणि घरे पुन्हा उभी करायला घेतली. त्या माणसांत जर्मनही होते. कालपर्यंत ज्यांच्या तोफांनी गाव पाडले, त्यांच्यातलेच आज वाळू चाळायला आले. यातूनच पुढे 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही सेवासंघटना वाढली. तिचे ब्रीदच असे की शब्द नकोत, कृती हवी. बिहारात 15 जानेवारी 1934 रोजी तो भयंकर भूकंप झाला, तेव्हा हाच सेरेसोल आपल्या देशात आला आणि 1937 पर्यंत पुनःपुन्हा येऊन उत्तर बिहारातल्या खेडुतांबरोबर माती उपसत राहिला. त्या खेडुतांची भाषा आणि त्याची फ्रेंच यांची गाठ कुठे पडणार? पण पाया किती खोल खणायचा हे सांगायला कुदळ पुरते.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमट्यांनी 1951 साली आनंदवन सुरू केले, तेव्हा कुष्ठरोग्याच्या हातचे पाणी पिणारा मनुष्य पंचक्रोशीत सापडत नव्हता. पुढे थोड्याच वर्षांत याच सेरेसोलच्या संघटनेचे तरुण तिथे येऊन राहिले. देश अनेक, भाषा अनेक. त्यांनी विटा वाहिल्या, भिंती उभ्या केल्या आणि मुख्य म्हणजे रोग्यांच्या पंक्तीला बसून जेवले. ते पाहून गावच्या लोकांची भीती हळूहळू ओसरली असे सांगतात. मला यात नवल वाटत नाही. ज्याला कुणी शिवत नाही त्याच्या शेजारी पाट मांडून बसणे हे मुळी एक पूर्ण वाक्य आहे. त्याला कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे. त्याचे भाषांतर करायला दुभाष्या लागत नाही.

इथवर माझे वाक्य खरे ठरते. पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घेतली असेल. भिंतीला आपल्याशी काही बोलायचे नसते. विटेला तुम्ही उजवीकडे लावा की डावीकडे, तिचे काही म्हणणे नसते. माणसाचे असते. व्हर्डनजवळच्या त्या पहिल्या शिबिराचेच पाहा. जर्मन माणसे आपल्या गावात नकोत असे तिथल्या गावकारभाऱ्यांनी ठरवले, आणि ते काम अर्ध्यावर सोडून सगळ्यांना परतावे लागले. सेवा करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता यात शंका नाही. पण ज्यांची घरे होती त्यांना नको म्हणता आले आणि ते ऐकले गेले. त्या फजितीबद्दल मला सेरेसोलचा आदर थोडा अधिकच वाटतो.

आता माझी गोष्ट.

विशी ओलांडली तेव्हा मीही एक स्वयंसेवक होतो. मला परदेशाचे तिकीट लागले नाही, एस. टी.चे पुरले. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या डोंगरात एका शाळेवर मी मानधनावर शिकवायला गेलो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण दोष शाळेचा नव्हता. पोरे पावरी बोलणारी. सरकारी कागदावर ती भाषा मराठीपासून फार दूर नाही म्हणतात. पहिल्या दिवशी मला ती इटलीइतकी दूर वाटली. मी बोलायचो आणि पंचवीस जोड्या डोळे माझ्याकडे पाहत राहायचे. कुणी काही म्हणायचे नाही. मला वाटले, काय शिस्त आहे! पुण्याच्या पोरांना इथे आणून दाखवावे. मुलांचा अबोला हा आपला मान आहे, असे समजणारा शिक्षक मी एकटाच नसेन. पण त्या वर्गातला मी एकटा होतो.

एक लहानसा मुलगा रोज दाराला चिकटून बसे. दार उघडे, वारा आत येई, धूळ येई. फळा तिथून तिरका दिसे. मला त्याची दया आली. एके दिवशी मी त्याचा हात धरून त्याला उठवले आणि अगदी पुढे, फळ्यासमोर, माझ्या टेबलाजवळ आणून बसवले. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी. मी पुन्हा पुढे आणला. असे चार-पाच दिवस चालले. मी हसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवी. तोही हसे. त्याचे हसणे मी माझ्या हसण्याचे उत्तर समजलो. आठवड्याने तो यायचा बंद झाला.

मीही फारशी चौकशी केली नाही. पोरे येतात, जातात. पाच-सहा महिन्यांनी माझ्या कानांना पावरी थोडी उमगू लागली, तेव्हा बोलता बोलता एका मोठ्या मुलाकडून कळले. त्या मुलाच्या शेळ्या शाळेसमोरच्या उतारावर चरत. त्या राखायच्या अटीवर घरून त्याला शाळेत सोडत. दारातून त्याला उतार दिसे. टेबलाजवळून दिसत नसे. मी त्याला पुढे बसवले त्या आठवड्यात एक शेळी गेली. लांडग्याने नेली की दरीत पडली, कुणास ठाऊक. शेळी गेली म्हणून शाळा गेली.

मी त्यांच्या पाड्यावर गेलो. त्याच्या आईने मला बसायला खाट दिली. मी माझ्या मोडक्या पावरीत क्षमा मागितली, निदान मला तसे वाटते. मुलगा घरी नव्हता. कुठे कामाला गेला होता ते तिने सांगितले, पण गावाचे नाव मला समजले नाही. तो परत शाळेत आला नाही आणि वर्षअखेरीस मीही पुण्यास परतलो.

पंचवीस वर्षांच्या आसपास झाली. या काळात मी त्या प्रसंगाकडे पुष्कळ बाजूंनी पाहिले. माझ्या हातून क्रूरपणा झाला नाही, आळस झाला नाही. सेवावृत्तीच्या पुस्तकात मांडता येईल अशीच माझी वागणूक होती. मुलाची अडचण पाहिली, पुढे झालो, हात दिला, हसलो. फक्त त्याला नको म्हणता आले नाही. म्हटले असेल कदाचित; मला ऐकू आले नाही. मला वाटते, आपण भाषेची गरज चुकीच्या ठिकाणी शोधतो. द्यायला भाषा लागत नाही, हे खरेच आहे. पाणी देता येते, भाकरी देता येते, औषधाची गोळी देता येते. भाषा लागते ती घेणाऱ्याला. हे मला नको, तिथे नको, आत्ता नको, असे त्याला म्हणता यावे यासाठी लागते. आणि ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्यावर केलेला उपकार आणि जबरदस्ती यांतला फरक बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही. कित्येकदा करणाऱ्यालाही दिसत नाही.

हे सारे त्या मुलीला सांगायला हवे होते. सांगितले नाही. शिष्याच्या डोळ्यांतली आपली प्रतिमा सांभाळण्यासाठी माणूस किती पळवाटा काढतो!

ती गेल्यावर मला, तिच्या घराजवळच्या त्या पंच हौदामुळे असेल, पंडिता रमाबाईंची आठवण येत राहिली. पंच हौद म्हटले की पुणेकराला 1890 सालचा तो चहा आधी आठवतो, ज्याच्यापायी टिळक-रानड्यांसारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. पण त्याच्या सात वर्षे आधी याच मिशनच्या ओळखीने रमाबाई इंग्लंडला गेल्या होत्या. वय पंचविशीतले. नवरा वारलेला. बरोबर दोन वर्षांची मनोरमा. प्रवासखर्चासाठी 'स्त्रीधर्मनीति' हे आपले पुस्तक विकून पैसे उभे केलेले. संस्कृतात कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणाऱ्या, कानडी, हिंदुस्तानी, बंगाली बोलणाऱ्या या बाईंचे इंग्रजी मात्र तेव्हा प्राथमिकच होते. त्यात कानांनी कमी ऐकू येई. डॉक्टर व्हायचे मनात होते, ते त्या बहिरेपणामुळेच राहून गेले. परका देश, परकी भाषा आणि ती भाषा आणणारे कानही अर्धे मिटलेले. वाँटेज गावच्या मठातल्या भगिनींकडे त्या उतरल्या, आणि तिथेच त्यांनी त्या वर्षी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

पण मला त्यांच्या धर्मांतरापेक्षा त्यांच्या कराराचे अधिक कौतुक वाटते. फुकट राहायचे नाही. पुण्याला जाणाऱ्या भगिनींना मी मराठी शिकवीन, तुम्ही मला इंग्रजी शिकवा. किती सरळ व्यवहार! आश्रिताच्या पायरीवरून त्या एका वाक्याने त्या शिक्षिकेच्या पायरीवर येऊन बसल्या. मठातल्या भगिनी पुण्याला सेवा करायला निघालेल्या. त्यांना वाटेतच एका पुणेरी बाईपुढे पाटी-पेन्सिल घेऊन बसावे लागले. सेवा करायला निघालेल्या प्रत्येकाला असे एकदा बसवले तर काय बहार होईल!

आणि इंग्रजी आल्यावर रमाबाईंनी काय केले? तर वाद घातला. सिस्टर जेराल्डाइन यांना त्यांनी लिहिलेली पत्रे 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली आहेत. ती ज्यांनी वाचली असतील त्यांना हे ठाऊक आहे. ज्यांनी आसरा दिला, ज्यांना त्या आईसारखे मानीत, त्यांनाच त्यांनी एकेक गोष्ट खडसावून विचारली. क्रुसावर लॅटिन अक्षरे का? ती माझ्या देशातल्या बायांना येत नाहीत. मला संस्कृत चालेल. देवाच्या त्रिविध रूपाबद्दल मला अजून पटलेले नाही, तर पटले असे का म्हणू? पुरुष विद्यार्थ्यांना मी शिकवू नये असे बिशपांना वाटते, तर ते ठरवणारे ते कोण? जेराल्डाइनबाईंना याचा त्रास झाला. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही झाला असता. इतके केले आणि ही बाई उलट बोलते! पण मला विचाराल तर वाँटेजच्या त्या भगिनींनी रमाबाईंना जे जे दिले, त्यांत हे उलट बोलण्याचे इंग्रजी सर्वांत मोलाचे होते. त्यांना ते द्यायचे नव्हते, ही गोष्ट निराळी.

पुढे केडगावला मुक्तिसदनात दुष्काळात उपाशी मरणाऱ्या शेकडो मुली रमाबाईंनी आणून ठेवल्या. मध्य प्रांतातल्या होत्या, गुजरातेतल्या होत्या. सगळ्यांची बोली एक नव्हती. तेव्हा आता भाषा न येणारे घेते कोण आणि देते कोण, हा डाव उलटला होता. उतारवयात या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकत बसल्या आणि आपल्या सदनातल्या अडाणी बायांना कळेल अशा साध्या मराठीत बायबल लिहीत राहिल्या. 1922 साली मृत्यूच्या अगदी आधी ते काम पुरे झाले. त्यांची सेवा सर्वांनाच मानवली असेल असे मी म्हणत नाही. मोठ्या माणसाच्या छायेत नको म्हणणे केव्हाही अवघडच. पण इतक्या उशिरा, इतक्या कष्टाने जी बाई शब्द सोपा करीत बसते, तिला मौनाच्या गोडव्यावर विश्वास नव्हता एवढे नक्की.

भाद्रपदात मुलगी परत आली. रंग उजळला होता, थोडी वाळली होती. येताना माझ्यासाठी एक शाईचे पेन आणि घरात एक चीजचा तुकडा घेऊन आली. चीजला जो वास होता त्यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली. मग ती हळूच म्हणाली, "सर, एक गोष्ट सांगायची आहे. तुमचे ते वाक्य पहिल्या आठवड्यातच मोडले."

शिबिरात एक तेरा वर्षांची युक्रेनची मुलगी होती. युद्धामुळे घर सुटलेले, आई कुठल्या कारखान्यात कामाला, बाप मागे राहिलेला. ती ताटात अर्धे अन्न टाकी. आमची मुलगी वाढपी. तिने विचार केला, लाजते आहे. आपल्याकडे पाहुणा लाजला की आपण काय करतो? तिने आणखी वाढले. त्या मुलीने मान हलवली, हात आडवा धरला. आमच्या मुलीने हसून तो हात बाजूला केला आणि डावभर आणखी वाढले. मुलगी मुकाट्याने सारे जेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमची मुलगी मनात म्हणत होती, चला, एका पोरीचे पोट तरी मी भरले. आठव्या दिवशी, जिला तिची भाषा येत होती अशी एक पोलंडकडची बाई शिबिरात आली, आणि कळले की ती मुलगी रोज रात्री जेवण ओकून टाकत होती. आधी जिथे ती आसऱ्याला होती, तिथे अन्न टाकले की रागावत. इथेही वाढणारी पुनःपुन्हा वाढते आहे, म्हणजे हीही रागावली आहे, असे तिला वाटले.

"सर, मी तिला रोज प्रेमाने जेवू घालत होते, आणि ती रोज माझ्या भीतीने जेवत होती."

मी काही बोललो नाही. तिला वाटले असेल सर विचार करीत आहेत. मला दार दिसत होते आणि दारापलीकडचा उतार.

"मग?" मी विचारले.

मग तिने एक वही केली. प्रत्येक मुलाला गाठून त्याच्या भाषेत नाही कसे म्हणतात ते देवनागरीत लिहून घेतले. आभार, नमस्कार, कसे आहात, हे सारे नंतर. आधी नाही. आणि लिहून घेतल्यावर ती त्यांना ते आपल्याशी म्हणायला लावी. रिकामा डाव घेऊन उभी राही आणि वाढल्याचा आव आणी. मुले ओरडून नको म्हणत आणि खदाखदा हसत. एक बल्गेरियाचा मुलगा होता, त्याने फार घोटाळा केला. त्यांच्याकडे नाही म्हणताना मान वरखाली हलवतात. आणि आमच्या मुलीची स्वतःची मान आपल्या सगळ्यांसारखी कोणत्याही बाजूला हलणारी. तिचा होकार कोणता आणि नकार कोणता यावर तिथल्या पोरांनी पैजा लावल्या. ती युक्रेनची मुलगी तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून स्वयंपाकघरात बटाटे सोलायला येऊ लागली. जेवण मात्र अखेरपर्यंत थोडेच जेवली.

मी विचारले, "मग जायला नको होते असे वाटते का तुला?"

"तसे नाही वाटत," ती म्हणाली. जरा थांबली. "पण त्या आठ दिवसांचे काय करू ते कळत नाही."

यावर शिक्षकाने काहीतरी म्हणायला हवे होते. या खेपेला मी तिला शेळ्यांची गोष्ट सांगितली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. घरातही ठाऊक नव्हती. ती ऐकत राहिली. शेवटी तिने एवढेच विचारले, "त्या मुलाचे नाव काय, सर?" मी सांगितले. तिने वहीत लिहून घेतले की काय, मला दिसले नाही.

त्या दिवाळीत ती फराळाला आली. तिच्या घरी नाताळच्या करंज्या होतात, आमच्या घरी दिवाळीच्या, सारण तेच. सौभाग्यवतींनी ताट भरले. दोन करंज्या संपल्या तसे त्यांनी तिसरी उचलली. मुलगी म्हणाली, "नको, काकू." "नको काय? वाळली आहेस किती!" "नको, खरंच नको." "अग, एकच."

मी वर्तमानपत्राआडून पाहत होतो. आपल्या घरात तीनदा नको म्हटल्याशिवाय हो म्हणणे असभ्य समजतात, हे इटलीतल्या कुणी मुलाने वहीत कसे लिहावे? माझ्याकडे पाहून ती मुलगी फिसकन हसली आणि तिने ताटावर हात आडवा धरला. सौभाग्यवतींचा हात करंजीसकट वरच थांबला. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि मग म्हणाल्या, "बरं, मग डब्यात बांधून देऊ का? की तेही नको?"

"द्या," ती म्हणाली. "आईला आवडतात."

डबा शोधायला मलाच उठावे लागले.